पुढचा स्क्रू, मागचा स्क्रू

आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवणारी बाई म्हटलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग चेहऱ्याकडे. त्याची मला सवय झाली आहे. कानस कशी धरायची, आटे कसे पाडायचे, नट किती आवळायचा आणि कुठे थांबायचं, हे पोरांना मी इतकी वर्षं सांगत आले आहे की झोपेतही सांगू शकेन. स्वभाव तापट आहे, हे ती पोरंही सांगतील. चूक दिसली की माझं तोंड थांबत नाही. पण एवढ्या हुशार बाईला स्वतःच्या बापाचं दुखणं कळायला चार महिने लागले. दोनदा त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, आणि दुखणं निघालं माझ्याच ट्रेडचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

चैत्रातल्या एका गुरुवारी मायचा फोन आला. ती फोनवर कधी ‘कशी आहेस’ विचारत नाही, थेट कामाचं बोलते.

‘तुया बाबानं अर्ज लिवला.’

‘कायचा?’

‘बंदूक जमा कराचा. लायसनबी नाई पाह्यजे म्हणते. सोमवारी वर्ध्याले जाऊन राह्यले. तू येजो.’

बंदूक म्हणजे आमच्या घरची रायफल. आजोबांनी ती एका निवृत्त जंगल साहेबाकडून घेतली होती. विलायती, बोल्टची. एक गोळी सुटली की हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या टेकड्यांकडे तोंड करून बसलेलं, आणि जंगल वावराच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत, आलेलं. रानडुकरांचा कळप शिरला की एका रात्रीत हरभऱ्याचं पटांगण होतं. म्हणून पीक राखायला हे लायसन, आधी आजोबांच्या आणि मग बाबांच्या नावावर. निवडणूक लागली की रायफल ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की परत यायची. एरवी ती कपाटात कुलूपबंद असायची.

बाबांनी वन खात्याची परवानगी घेऊन आयुष्यात मोजकीच डुकरं मारली. पण ज्यावर नेम धरला ते जागीच पडलं. जनावर जखमी करून सोडायचं नाही, हे त्यांनी आजोबांकडून घेतलेलं व्रत. चार गावांतून बोलावणं यायचं ते त्यासाठीच. नेमबाज पुष्कळ असतील, पण ‘मास्तर, तुमीच या’ असं लोक बाबांनाच म्हणायचे. ते मास्तर नव्हते, शेतकरीच होते. बोलण्याआधी दोनदा विचार करतात म्हणून गावाने दिलेली ती पदवी.

मागच्या पौषात त्यांचा नेम चुकला. परवानगी हातात होती, डुक्कर तीस-चाळीस पावलांवर उभं होतं, आणि गोळी त्याच्या मागच्या पायाला लागली. दुसरी पार हवेत गेली. डुक्कर लंगडत जंगलात शिरलं. बाबा दोन दिवस रक्ताच्या थेंबांमागे फिरले. पार गिरडच्या टेकडीपर्यंत जाऊन आले. सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी परतले तेव्हा पायात काटे, धोतर फाटलेलं आणि तोंडाला पाण्याचा थेंब नाही. मायचा जीव टांगणीला लागला होता, आणि ती घाबरली की चिडते. हा गुण मी तिच्याकडूनच उचलला आहे.

‘तुमचे डोये गेले आता,’ ती म्हणाली. ‘ठेवा ते बंदूक. एखाद्या माणसाले लागन एक दिवस.’

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते, त्यामुळे बाबांना ते पटलं. इतकं पटलं की त्यांनी मोपेड विकायला काढली. पेपर वाचायचं सोडून तो मायकडून वाचून घ्यायला लागले, आणि माय चौथी शिकलेली, ती ‘अधिवेशन’ शब्दाशी आली की थांबायची. एसटीची पाटी त्यांना माझ्याआधी दिसायची हे मी स्वतः पाहिलं होतं, पण तेच आता मला विचारायचे, ‘कोणती गाडी हाय वं?’ मी त्यांना दोनदा डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काका, या वयात अशी नजर मी पाहिली नाही. बाहेर आल्यावर बाबा म्हणतात, ‘डॉक्टरच्या भिंतीवरचं अक्षर डुकरावानी पयत नाई ना पण.’ सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी तिथेच भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडले, आणि मग उसाचा रस पाजला.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी पोहोचले. अर्ज भिंतीतल्या देवळीत घड्याळाखाली घडी करून ठेवलेला होता. अक्षर सुरेख, ओळी सरळ. ‘वृद्धापकाळामुळे दृष्टी राहिली नसल्याने’ असं लिहिलं होतं. दृष्टी नसलेल्या माणसाने एवढ्या सरळ ओळी लिहिल्या, हे मी त्यांना दाखवलं. ते हसले नाहीत. ‘पोरी,’ म्हणाले, ‘मले आता तिची भीती वाटते. हातात घेतली का ते डुक्कर दिसते.’

मला फार वाईट वाटलं. आमच्या घरात बाबा कशाला भितात हे मला माहीतच नव्हतं. सापाला नाही, पाटलाला नाही, मरणाला नाही. आणि आता या सरळ माणसाला स्वतःच्या डोळ्यांची भीती वाटत होती. अर्ज द्यायचा तर द्या, पण आंधळा झालो म्हणून देऊ नका, एवढंच मला वाटत होतं. पण ते पटवायला माझ्याकडे पुरावा नव्हता. म्हणून दुसरंच बोलले. ‘जमा करायचीच आहे तर नीट साफ करून करू. आजोबांची वस्तू आहे.’ याला ते नाही म्हणू शकले नाहीत.

शनिवारी सकाळी ओसरीवर पोतं अंथरलं. बाबांनी बोल्ट काढून दोनदा बघून घेतलं की आत गोळी नाही, मला दाखवलं, आणि रायफल माझ्यापुढे ठेवून खाटेवर जाऊन बसले. तोंड भिंतीकडे. माय दारात सुपात तूर पाखडत होती.

या रायफलीचं सगळं लोखंड, म्हणजे नळी आणि बोल्टचं घर, लाकडी कुंद्यात बसवलेलं असतं आणि खालून दोन मोठे स्क्रू ते धरून ठेवतात. एक पुढे, एक चापाच्या मागे. बाकी सगळं त्या दोघांच्या भरवशावर. मी पेचकस लावला. पुढचा गच्च. मागचाही गच्च. मी जरा हिरमुसलेच. मग सवयीने मी लोखंड आणि लाकूड यांच्या सांध्यावर बोटाचं टोक ठेवलं आणि दुसऱ्या हाताने नळी दाबली. माझ्या बोटाखाली काहीतरी हललं. केसभर, पण हललं.

दोन्ही स्क्रू गच्च आहेत आणि तरी लोखंड हलतं, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही समजतं. दर वर्षी एक तरी पोरगा माझ्यासमोर स्क्रू आवळतो, घाम पुसतो आणि म्हणतो, मॅडम, टाइट झाला. मी हाताने हलवून दाखवते. भोक आरपार नसलं आणि स्क्रू जास्त लांब असला, की तो तळाला जाऊन टेकतो. मग त्याला कितीही आवळा, तो आपल्याच तळाशी भांडत बसतो. वरचं काही धरत नाही.

मी पुढचा स्क्रू काढला. तो लांब निघाला, आणि त्याचं टोक ठेचून चपटं झालेलं. मागचा काढला. तो आखूड. जेमतेम दोन-तीन आट्यांवर अडकला होता, आणि तेवढे आटेही झिजून गुळगुळीत झाले होते; गच्च वाटला तो गंजामुळे. दोघांची जागा बदलली होती, म्हणून नळी दर गोळीला हलत होती आणि नेम सुटत होता. शिवाय दोघांवर तांबूस गंज चढलेला, जसा चिंचेने घासून ओलं ठेवलेल्या लोखंडावर चढतो.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘हे शेवटचे कोणी लावले होते?’

बाबांनी मान वळवली. माझ्या दोन तळहातांवरचे दोन स्क्रू पाहिले. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्यांनी मायच्या पाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही डोळे सावकाश मिटून उघडले. लहानपणी पाहुण्यांसमोर गप्प बसायला सांगायची त्यांची हीच खूण होती. 

‘अवं,’ बाबा मायला म्हणाले, ‘चहा ठेव ना.’

ती आत गेली तेव्हा मला कळलं. मला खरं तर आधीच कळायला हवं होतं.

आमच्या घरी खंडेनवमीला रायफल पुसून पाटावर ठेवत नाहीत. तिचा पुर्जा न् पुर्जा सुटा करतात. आजोबांचं म्हणणं असं, की माणसाला ओवाळताना आपण पूर्ण माणसाला ओवाळतो, पण हत्याराचे जे भाग आत दडलेले असतात त्यांनी वर्षभर राबून कधी कुंकू पाहायचं? म्हणून विळा, कुऱ्हाड, वखराची पास यांच्या शेजारी परातीत रायफलीचे सगळे भाग मांडायचे, प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर एक अक्षता, आणि पूजा झाली की परत जोडायची. हे काम दर वर्षी बाबांचं. पण मागच्या नवरात्रात त्यांचं ऑपरेशन झालेलं. डोळ्याला पट्टी, वाकायचं नाही, धूळ नको. ते आतल्या खोलीत काळा चष्मा लावून पडले होते, आणि मायने त्यांना न विचारता, उघडणं-जोडणं इतकी वर्षं नुसतं बघून बघून, सगळं स्वतः केलं होतं. देवाची भांडी घासतात तसे चिंचेने स्क्रू घासले होते. बाबांची पट्टी सुटली तेव्हा तिने जोडलेली रायफल त्यांच्यापुढे धरली होती. ‘तुमचे डोये बंद होते तरी पूजा चुकली नाई,’ असं म्हणाली होती. तिचा तो चेहरा मी पाहिला होता, कारण दसऱ्याला मी घरीच होते. इतकी खूश मी तिला माझ्या लग्नातही पाहिली नव्हती.

‘मनात आलं होतं मह्या,’ बाबा हळू आवाजात म्हणाले. ‘एकदा खोलून पाहावं. पण तिच्यासमोर पेचकस घेतला असता तर तिले काय वाटलं असतं? अंगठ्यानं दाबून पाह्यला. गच्च होता. म्हटलं, तिनं केलं म्हंजे बरोबरच असन.’

‘आणि तुमी स्वतःले आंधळं ठरवलं.’

‘तिले नको सांगू,’ ते म्हणाले. एवढंच.

दहाच्या गाडीने मी जाम फाट्यावर आणि तिथून नागपूरला गेले. पर्समध्ये रुमालात बांधलेले दोन स्क्रू आणि लायसनची झेरॉक्स. जुन्या वस्तीत बंदूक दुरुस्तीचं एक परवानाधारक दुकान आहे. तिथले म्हातारे मिस्त्री आधी कागद वाचल्याशिवाय वस्तूला हात लावत नाहीत, हे मला आवडलं. कागद वाचून झाल्यावर त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि लांब स्क्रूचं चपटं टोक बराच वेळ पाहिलं.

‘बहनजी, ज्यानं लावला ना,’ ते म्हणाले, ‘त्यानं दिलसे आवळला.’

मी हसले, आणि मग मला हसता येईना. सत्तरीच्या बाईने दोन्ही हातांनी पेचकस धरून, दात आवळून दिलेले ते फेरे मला दिसले. नवऱ्याची वस्तू ढिली राहू नये म्हणून दिलेले.

त्या स्क्रूचे आटे आपल्याकडच्या मापाचे नाहीत, त्यामुळे बाजारातला कुठलाही चालत नाही. चुकीचा घुसवला तर भोकातले आटे जातात आणि मग रायफल कायमची गेली. मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या जुन्या रायफलींचे स्क्रू एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. डबा पालथा करून आम्ही दोघं तासभर निवडत बसलो. एकेक उचलायचा, आट्यांचं माप घ्यायची फणी लावून बघायची, बाजूला टाकायचा. शेवटी जोडी जमली. एक आखूड, एक लांब, दोघांची डोकी शाबूत. त्यांनी ती तेलात बुडवून कागदात बांधली आणि म्हणाले, ‘हाताने फिरवा पहिले. हाताने नाही गेला तर पेचकस लावूच नका.’ हेच मी पोरांना सांगते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला उगाच आधार वाटला.

रविवारी सकाळी मी ते बसवले. आखूड पुढे, लांब मागे. दोन्ही बोटांनीच आत गेले, मग पेचकसाने शेवटचा आवळ दिला, आणि सांध्यावर बोट ठेवून नळी दाबली. काही हललं नाही. पोलीस पाटलांना सांगून आम्ही दोघं आमच्याच वावरातल्या नाल्याकडे गेलो. तिथे काठ घरापेक्षा उंच आहे, मातीचा, मागे कुणाची वाट नाही. बियाण्याच्या दुकानाच्या जुन्या कॅलेंडरचं पान मी काठाला टोचलं आणि पाठकोऱ्या बाजूवर कोळशाने गोल काढला. शंभर पावलं मोजली. रेतीच्या पोत्यावर रायफल टेकवून बाबा पालथे झोपले.

‘मले नाई दिसत,’ ते म्हणाले.

‘मग न दिसता मारा,’ मी म्हटलं. मी चिडले होते. मी भ्यालेही होते.

तीन गोळ्या. प्रत्येकीनंतर ते बराच वेळ थांबले. मग मी चालत जाऊन पान काढलं. तिन्ही भोकं कोळशाच्या गोलाच्या जरा डावीकडे होती, पण एकमेकांना इतकी चिकटून की वर चहाची बशी पालथी घातली असती तर तिन्ही झाकली गेली असती. मी धावत परत आले. पन्नाशीच्या जवळ आलेली बाई ढेकळांतून धावते आहे आणि हातात कॅलेंडर, असा तो प्रकार. पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बोटांनी एकेक भोक चाचपलं.

‘डोळे आहेत, बाबा,’ मी म्हटलं. ‘डोळे कुठे गेले नव्हते.’

ते उठून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. म्हणाले, ‘त्या डुकराले कोण सांगन, का स्क्रू उलटे होते?’

मी पोत्यातली रेती नाल्यात ओतून दिली.

‘बंदूक ज्याच्या हातात त्यानं तपासाची,’ ते म्हणाले. ‘बायकोनं लावो का ब्रह्मदेवानं. चूक मही हाय, तिची नाई.’ मग पान घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात घातलं. ‘सोमवारी जाऊच वर्ध्याले.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘आता काऊन?’

‘नाई गेलो तर ती इचारन, काय निघालं म्हणून.’

‘सांगा, स्क्रू जुने झाले होते.’

‘मले तिच्यासमोर खोटं नाई बोलता येत. चेहऱ्यावरून ओयखते. डोये गेले हे तं ती सोताच म्हणते. ते खोटं मले बोला नाई लागत.’ ते रायफल उचलून चालायला लागले. ‘अन् तिले समजलं, का तिच्याच हातानं झालं, अन् वरून तिनंच मले आंधया म्हटलं, तर मरेलोक खाईन सोताले. जाऊ दे. बंदुकीवाचून काई अडत नाई.’

घरी येताना मी त्यांच्या दहा पावलं पुढे चालले. इतका राग आला होता, आणि राग कुणावर काढावा हे समजत नव्हतं. इतक्या वर्षांत या माणसाने तिच्या हातच्या भाजीत वरून मीठ घातलेलं मी पाहिलेलं नाही. अळणी असली तर अळणी खातो. आता तिच्यासाठी आयुष्यभर आंधळा राहायलाही तयार होता.

दुपारी जेवणं झाली. मी ओसरीवर पडले होते, बाबा खाटेवर. माय न्हाणीत कपडे भिजवत होती. ती भिजवण्याआधी प्रत्येक खिसा, प्रत्येक रुमाल झटकते. माझ्या कुठल्या चिठ्ठ्या तिने अशा पकडल्या आहेत ते सांगण्यात अर्थ नाही. आणि मी, पोरांना ‘काम झालं की जुने पार्ट मोजून जमा करा’ असं ओरडून सांगणारी मी, ते दोन जुने स्क्रू रुमालातच विसरले होते.

ती ओल्या हातांनी बाहेर आली. तळहातावर दोन स्क्रू, एक लांब, एक आखूड.

‘हा मोठा पुढून निघाला का?’ तिने मला विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं.

‘मी तुले इचारून राह्यली. त्याईकडं नको पाहू.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘पुढून.’

‘मीच लावला होता पुढं.’ ती खाली बसली. ‘पाटावर मांडताना मोठा आधी मांडला होता. मोठ्याचा मान आधी असते ना. मंग लावतानाबी मोठाच पुढं लावला. म्हटलं, लहान्यानं मांगं राहावं.’

बाबा उठून बसले. ‘अवं, तसं काई नाई. जुने झालते ते. गंज...’

‘बोलू नका तुमी,’ ती म्हणाली. ‘तुमाले नाई जमत ते.’

मग ती रडली. आवाज न करता, पदर न लावता, स्क्रू मुठीत धरून. ‘चार महिने हे माणूस पेपर मह्याकडून वाचून घेते,’ ती मला म्हणाली, जणू बाबा तिथे नव्हतेच. ‘मी अक्षराले अडखयत बसतो, अन् हे ऐकत बसते. मीच म्हटलं ना डोये गेले. मीच केलं, अन् मीच म्हटलं.’ बाबा खाटेवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी खिशातून ते कॅलेंडरचं पान काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने तीन भोकं पाहिली, पानाआडून बाबांकडे पाहिलं, आणि डोळे पुसले.

‘आन ते,’ तिने मला सांगितलं. ‘बंदूक आन.’

बाबांनी कपाट उघडलं, बोल्ट काढून तपासलं, आणि रायफल पोत्यावर ठेवली. मायने मला दोन्ही नवे स्क्रू काढायला लावले. मी काढले. तिने ते पदराने पुसले, आखूड उचलला, मला विचारलं, ‘हा पुढं?’ मी मान हलवली. तिने तो बोटांनी फिरवला, मग पेचकसाने. मग लांब. या वेळी ती दात आवळत नव्हती, हळू फिरवत होती, थांबत होती, पुन्हा फिरवत होती. सुरकुतलेल्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. माझ्या जिभेवर दहा सूचना आल्या आणि मी त्या सगळ्या गिळल्या. माझ्या स्वभावाने एवढा संयम आधी कधी दाखवला नव्हता.

तिचं झालं. तिने पेचकस बाबांपुढे धरला.

‘घ्या. तपासा.’

‘तू लावले ना,’ बाबा म्हणाले. ‘बरोबरच असन.’

‘तसं म्हणून तं झालं हे सारं. मह्या समोर तपासा.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या अर्जाचं पुढे कुणी नावही काढलं नाही, तो अजून माझ्याकडे आहे, आणि सोमवारी सकाळी बाबांनी वर्ध्याची गाडी पकडायच्या ऐवजी ओसरीवर बसून पूर्ण पेपर मोठ्याने मायला वाचून दाखवला. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बाबा पेचकस हातात घेऊन इतका वेळ नुसते बसून राहिले की मला वाटलं ते ठेवून देतील. मग त्यांनी तो पुढच्या स्क्रूला लावला. हलला नाही. मागच्याला लावला, जरा जोर दिला, आणि थबकले.

‘काय झालं?’ मायने विचारलं.

‘पाव फेरा बाकी हाय.’ त्यांनी हे इतक्या हळू सांगितलं, की जणू तिची माफी मागत होते.

‘मंग द्या ना,’ ती म्हणाली. ‘माहे हात आता तितके नाई आवयत.’

बाबांनी पाव फेरा दिला. तिने पुढे वाकून पाहिलं, आणि नंतर आपला हात त्यांच्या हातावर ठेवून तो तसाच राहू दिला.